नेत्रावतीकाठचे गोवेकर

काही वर्षांपूर्वी वरिष्ठांच्या अनुज्ञेने आम्हांस अभ्यासासाठी रजा मिळाली आणि त्यांतील सात महिने आम्ही मंगळूरजवळच्या एका धर्मग्रामात काढले. वसईहून मंगळूर म्हणजे कोकण रेल्वेचा एक रात्र आणि अर्ध्या दिवसाचा प्रवास. वाटेत समुद्र ओलांडावा लागत नाही, पारपत्र दाखवावे लागत नाही. तीच नारळीची झाडे, तीच लाल माती, तोच पाऊस, वेदीवर तीच पवित्र मिस्सा. आपण परक्या मुलखात जात आहोत असे आम्हांस गाडीत बसताना वाटले नव्हते.

ते उतरल्यावर वाटले. बसच्या पाटीवरील कानडी अक्षरे आम्हांस वाचता येईनात. ज्याने आयुष्यभर इतरांना वाचून दाखवले, त्याला आता शाळेतल्या एका पोराला विचारावे लागे, ‘बाळा, ही बस कोठे जाते?’ मिस्सा कोंकणीतून. मराठी येणाऱ्याला कोंकणी कळते हा आमचा समज पहिल्याच रविवारी गळून पडला, कारण तेथील कोंकणीत तुळू आणि कानडी शब्द मिठासारखे विरघळलेले आहेत. साक्रिस्तीत विनोद झाला की सारे हसत आणि आम्ही क्षणभर मागून हसत असू. आम्ही ‘वसई’ म्हणून सांगावे आणि समोरच्याने ‘म्हणजे बॉम्बे’ म्हणून मोकळे व्हावे, हे तर रोजचेच. कोणी अपमान केला नाही. उलट उकड्या तांदळाची पेज आणि मासळी यांत कधी उणे पडू दिले नाही. पण पाहुण्याचा पाहुणचार होतो, घरच्या माणसाचा होत नाही. आणि सात महिने अखंड पाहुणचार घेणे हेही एक प्रकारचे एकटेपणच होय.

एके संध्याकाळी त्या धर्मग्रामातील एका वाड्याच्या वृद्ध गुरकाराजवळ आम्ही ही व्यथा बोलून दाखवली. गुरकार म्हणजे वाड्याचा ख्रिस्ती पुढारी. धर्मगुरू नसेल तेव्हा प्रार्थना चालवणारा, मर्तिकाला आधी पोहोचणारा. तो हसला आणि म्हणाला, ‘फादर, तुम्हांला येऊन सात आठवडे झाले. आम्हांला येऊन तीनशे वर्षे झाली. तरी काही बिनसले की कोणीतरी विचारतोच, तुम्ही गोव्याहून केव्हा आलात?’

त्या वाक्याने आमच्या अभ्यासाचा विषय बदलला. पुढले महिने आम्ही या लोकांची कहाणी वाचण्यात आणि ऐकण्यात घालवले. ती आपल्या वाचकांपुढे मांडावी असे आज वाटते, कारण ती दूरच्या लोकांची असली तरी आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबते.

घरातच सुरू झालेले परकेपण

माणूस गाव सोडतो तेव्हा परका होतो, असे आपण समजतो. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास वेगळे सांगतो. पुष्कळदा माणूस आधी आपल्याच घरात परका होतो, आणि मग गाव सोडतो.

गोवा बेट पोर्तुगीजांनी १५१० मध्ये जिंकले. बारदेश आणि साष्टी हे तालुके १५४३ मध्ये त्यांच्या ताब्यात आले. त्यानंतर गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. ज्यांना ते मान्य नव्हते त्यांतील अनेकांनी आपली कुलदैवते उचलून नदीपलीकडचा किंवा दक्षिणेचा रस्ता धरला. कानडा किनाऱ्यावर आज जी कोंकणी बोलणारी सारस्वत घराणी आहेत, त्यांतील कित्येकांचे पूर्वज याच वाटेने गेले. म्हणजे या स्थलांतराच्या वाटेवर पहिली पावले ख्रिस्ती झालेल्यांची नव्हती, ख्रिस्ती न झालेल्यांची होती. हे आपण विसरू नये आणि त्याची खंतही लपवू नये.

परंतु ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना तरी घर निर्धास्त लाभले काय? १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. मधली चार वर्षे सोडता ती १८१२ पर्यंत टिकली. तिची नजर मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवरच असे: त्यांच्या मनात, घरात, स्वयंपाकघरात जुने काही उरले आहे काय, याचा ती शोध घेई. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावयास शिकावे. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने ख्रिस्ती घरांतील देशी चालीरीतींवर बंदी घातली. लग्नातील हळद, बायकांनी गावयाच्या ओव्या, पुरुषांचे धोतर, असे सारे त्या यादीत आले. ज्या ओव्या आईने आजीकडून घेतल्या त्या आता गुन्हा ठरल्या. तीच माणसे, तेच घर. पण घराने ओळख देण्याचे नाकारले होते.

याला जोड मिळाली पोटाची आणि तलवारीची. करांचा बोजा वाढत गेला. साथी आणि दुष्काळ येत राहिले. १५७०-७१ मध्ये विजापूरच्या फौजेने गोव्याला वेढा घातला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने बारदेश आणि साष्टीत धडक मारली. १७३९ मध्ये, ज्या वर्षी आपली वसई पडली त्याच वर्षी, मराठी फौजा पुन्हा साष्टीत उतरल्या. ही युद्धे राज्याराज्यांची होती. त्यांच्या न्यायान्यायाचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण ज्याचे भात उभे जळाले त्या शेतकऱ्याला राजाचे नाव विचारून काय लाभ? अशा प्रत्येक धक्क्यानंतर काही कुटुंबे होडीने किंवा पायी दक्षिणेकडे सरकत राहिली. एखाद्या दिवशी कोणी सामुदायिक निर्गमन केले असे नव्हे. दोनशे वर्षे हा झरा ठिबकत होता.

काही उत्तरेकडेही आले. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण येथील कॅथलिक कुटुंबे याच स्थलांतराची उत्तरेकडील फांदी होत. ज्यांच्यासाठी २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला, त्या भाविकांची कहाणी स्वतंत्र लेखाची आहे.

केळदीच्या छायेत

दक्षिणेस काय होते? विजयनगरच्या पडझडीनंतर कानडा किनाऱ्यावर केळदीच्या नायकांनी आपला अंमल बसवला. त्यांची राजधानी घाटावर, इक्केरी व पुढे बिदनूर येथे. आणि खाली समुद्राकाठी तांदळाचा समृद्ध मुलूख. हा तांदूळ इतका पिके की खुद्द गोव्याची चूल त्यावर अवलंबून असे. होन्नावर, बसरूर, मंगळूर येथे पोर्तुगीजांनी किल्ले बांधले होते ते बहुतांशी या तांदळासाठीच. शिवप्पा नायकाने १६५२ ते १६५४ या काळात ते किल्ले घेतले.

येथे इतिहासातील एक मार्मिक गोष्ट दिसते. नायकांचे भांडण पोर्तुगीजांशी होते, गोव्याहून आलेल्या कुणब्याशी नव्हते. गोव्याच्या खाजन जमिनीत भरतीचे पाणी बांध घालून अडवावयाचे आणि खाऱ्या चिखलातून भात काढावयाचे, हे या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. असे हात ओसाड जमिनीवर आले तर सरकारचा सारा वाढतो, हे त्या शहाण्या राजांनी ओळखले. त्यांनी या लोकांना जमिनी कसावयास दिल्या. १६७८ मध्ये केळदीचा दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, त्यात किनाऱ्यावर चर्च बांधण्यास मुभा मिळाली. राज्यकर्ते शिवभक्त वीरशैव. प्रजेतील ही एक ओंजळ ख्रिस्ती. आणि दोहोंच्या मध्ये भाताचे शेत. दरबारी स्वागतात हिशेब होता हे खरे. पण हिशेबी स्वागतही द्वेषापेक्षा बरे असते, आणि पुढे कधी कधी त्यातूनच खरी माया जन्मास येते.

त्या वेळी बिदनूरच्या गादीवर राणी चेन्नम्मा होती. मराठी वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणाने ठाऊक असावे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या वधानंतर औरंगजेबाच्या फौजा मागे लागलेल्या असताना राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा त्यांना आपल्या राज्यातून सुखरूप जाऊ देणारी आणि त्यापायी मोगलांचा रोष ओढवून घेणारी ती हीच राणी. ज्या मराठी फौजांच्या धास्तीने १६८३ मध्ये साष्टीचा शेतकरी तिच्या राज्यात आला, त्यांच्याच राजाला सहा वर्षांनी तिच्याच दारी आसरा मागावा लागला. आणि तिने दोघांनाही दिला. आज पाठीवर बोचके घेऊन आपल्या दाराशी कोण आले आहे हे पाहताना, उद्या आपल्या पाठीवर बोचके नसेल अशी खात्री कोणी द्यावी?

एकाच गोव्याचे दोन सुपुत्र

परक्या मुलखात निदान देवमंदिरात तरी माणसाला आपलेपणा लाभावा. पण येथेही या लोकांची परीक्षा होती. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील ख्रिस्तसभेवर जे अधिकार होते त्यांस पाद्रोआदो म्हणत. आणि धर्मप्रसारासाठी रोमने १६२२ मध्ये स्थापन केलेली संस्था ती प्रोपागांडा फिदे. कानडा कोणाच्या कक्षेत, यावर दोहोंत वाद पडला. रोमने १६७० च्या दशकात थोमास दे कास्त्रो यांना कानडा आणि मलबारसाठी प्रेषितीय प्रतिनिधी नेमले. ते दिवाडी बेटाचे, थिएटाइन संघाचे, गोव्याच्या मातीतले बिशप. गोव्याच्या धर्मपीठाने त्यांना मानले नाही. १६८१ मध्ये त्या धर्मपीठाने आपल्या वतीने एक तरुण धर्मगुरू कानड्यात धाडला. त्याचे नाव जोसेफ वाझ. जन्म १६५१ चा, बाणावलीचा.

म्हणजे भांडण लिस्बन आणि रोमचे, आणि समोरासमोर उभे राहिले ते एकाच गोव्याचे दोन सुपुत्र. साध्या भाविकाच्या मनाची काय अवस्था झाली असेल? कोणाकडे पापनिवेदन केले तर ते ग्राह्य, कोणी लावलेले लग्न खरे, अशा शंकांनी घरे दुभंगली. फादर वाझ यांनी या वादात आवाज चढवला नाही. ते विखुरलेल्या वस्त्यांतून पायी हिंडले, शाळा चालवल्या, आजाऱ्यांना भेटले, आणि बिशप कास्त्रो यांच्याशी नम्रतेने मार्ग काढण्याचा यत्न केला. १६८४ मध्ये ते गोव्यास परतले. पुढे १६८७ मध्ये श्रीलंकेत उतरून छळाच्या काळात त्यांनी तेथील कॅथलिक श्रद्धा जगवली आणि १७११ मध्ये कँडी येथे देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी परमगुरू फ्रान्सिस यांनी त्यांना कोलंबो येथे संतपद बहाल केले.

श्रीलंकेचा प्रेषित म्हणून आपण त्यांना ओळखतो. आम्हांस मात्र वाटते की परक्यांत परका होऊन राहण्याचा पहिला धडा त्यांनी कानड्यातच गिरवला. हद्दीवरून भांडणाऱ्यांच्या मध्ये उभे राहून हद्द नसलेल्या माणसासारखे कसे वागावे, हे ते या तीन वर्षांत शिकले असावेत.

भस्म बुधवार

१७६३ मध्ये हैदरअलीने बिदनूर घेतले आणि कानडा म्हैसूरच्या राज्यात गेला. पुढे म्हैसूर आणि इंग्रज यांच्यात युद्धे पेटली. १७८३ मध्ये इंग्रजांनी मंगळूर घेतले. टिपू सुलतानाने वेढा घालून ते परत मिळवले. ख्रिस्ती लोकांनी इंग्रजांना साहाय्य केले असा सुलतानाचा आरोप होता. काहींनी केलेही असेल. पण शिक्षा काहींना झाली नाही, सर्वांना झाली. जो समाज पूर्णपणे ‘आपला’ मानला जात नाही, त्यातील एकाचा गुन्हा सर्वांच्या माथी बसतो. आपल्या माणसाचा गुन्हा मात्र त्याच्या एकट्याचा असतो.

फेब्रुवारी १७८४. मंगळूरकरांच्या स्मृतीत तो दिवस भस्म बुधवारचा आहे. एका सुमारास सगळीकडे शिपाई आले आणि घराघरांतून माणसे बाहेर काढली: म्हातारे, गरोदर बाया, पाळण्यातली मुले. घाट चढवून, कुर्गच्या रानांतून, त्यांना श्रीरंगपट्टणास नेले. किती होते? सांगणारे तीस हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत आकडे देतात. खुद्द सुलतानाच्या बाजूची नोंद साठ हजारांची आहे. वाटेत किती गेले आणि बंदिवासाच्या पंधरा वर्षांत किती, याचा हिशेब देवाजवळ. पुष्कळांचे सक्तीने धर्मांतर झाले, तरुणांना फौजेत घातले. मागे किनाऱ्यावर चर्चे पाडली गेली, जमिनी इतरांना वाटल्या गेल्या.

या प्रकरणावर आज राजकारणाचे थर चढले आहेत. कोणास सुलतान केवळ देशभक्त दिसतो, कोणास केवळ क्रूरकर्मा. आम्हांस त्या आखाड्यात उतरावयाचे नाही, आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका राजाचे ओझे आजच्या कोणा शेजाऱ्याच्या खांद्यावर ठेवणे हे तर पापच होय. सर्वांना एकाच मापाने मोजल्याने काय होते, तेच तर ही कहाणी सांगते. त्याच कहाणीत दुसरी बाजूही आहे. मूडबिद्रीच्या जैन चौट राजाने होसपेटचे चर्च पाडू दिले नाही, ही आठवण मंगळूरचे ख्रिस्ती लोक आजही कृतज्ञतेने सांगतात. ज्या मातीत ते परके ठरले, त्याच मातीतील एक माणूस त्यांच्या क्रुसासाठी उभा राहिला, ही गोष्ट त्यांनी शोकाबरोबर जपून ठेवली आहे.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि बंदी सुटले. फ्रेंच धर्मगुरू आबे दुब्वा यांनी श्रीरंगपट्टणात उरलेल्यांना पुन्हा एकत्र आणले. बाकीचे घाट उतरून मंगळूरकडे चालू लागले. दहा-पंधरा हजार असावेत.

येथे थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. हे लोक गोव्याला का गेले नाहीत? गोवा तर त्यांचे ‘मूळ’ होते. भाषा तीच, आडनावे तीच, नातीही असतील. ज्या किनाऱ्यावरून त्यांना गुरांप्रमाणे हाकलले, जेथे घर उरले नव्हते, जमीन दुसरा कसत होता, तेथेच ते परत आले. आमच्या मते त्यांच्या सगळ्या इतिहासाचे मर्म या परतण्यात आहे. पहिल्यांदा ते कानड्यात आले तेव्हा आसऱ्यासाठी आले होते. दुसऱ्यांदा आले ते घरी. ज्या भूमीत आपण आपली माणसे पुरली आणि जिच्यासाठी आपण रडलो, ती आपलीच. मग शेजारी काहीही म्हणोत.

कणीस आणि पाकीट

परतलेल्यांनी पडक्या भिंतींवर पुन्हा चर्चे उभारली. १८७८ च्या अखेरीस इटलीहून येशूसंघीय आले, १८८० मध्ये संत अलॉयसियस कॉलेज निघाले, १८८६ मध्ये मंगळूर धर्मप्रांत झाला. कोंकणी त्यांनी सोडली नाही. मात्र ती कानडी लिपीत लिहू लागले. गोव्यातला ख्रिस्ती रोमी लिपीत लिहितो, गोव्यातला हिंदू देवनागरीत, मंगळूरकर कानडीत. भाषा एक आणि अंगरखे तीन. बाजारात तुळू, कचेरीत कानडी, घरात आणि देवाशी कोंकणी: असा हा समाज तीन भाषांत जगावयास शिकला. परक्याला हे वरदान मिळते. त्याला एका जिभेवर भागवता येत नाही.

आणि त्यांनी एक सण जपला. ८ सप्टेंबर, पवित्र मरिया माऊलीच्या जन्माचा. मंगळूरकर त्यास मोंती फेस्त म्हणतात. नेत्रावतीकाठी फरंगीपेठ म्हणून गाव आहे. फिरंग्यांची पेठ, हे नावच परकेपणाची पाटी. तेथील मोंते मारियानो चर्चमध्ये अठराव्या शतकात या सणाची मंगळूरकडील प्रथा पडली असे परंपरा सांगते. नऊ दिवस मुले परड्यांतून फुले आणतात आणि बाळ मरियेवर उधळतात. सणाच्या दिवशी नव्या भाताची कणसे आशीर्वादित करून घरोघर वाटतात. घरी कणसांतील दाणे सोलून, कुटून, दुधात किंवा नारळाच्या रसात घालून सगळे कुटुंब एकत्र बसून घेते. त्या दिवशी जेवणात मांस-मासळी नाही. मुंबई-साष्टीच्या आपल्या ईस्ट इंडियन बांधवांचा आगेरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही ओळख लगेच पटेल.

पण आमच्या मनात राहिले ते दुसरेच. त्या वृद्ध गुरकाराच्या घरी सणाच्या संध्याकाळी टेबलावर पाकिटे मांडली होती. घरातील जी माणसे दूर आहेत त्यांच्या नावाने प्रत्येक पाकिटात आशीर्वादित कणसातील काही दाणे घालून ती टपालाने धाडावयाची, ही त्यांची जुनी रीत. एक पाकीट कुवेतला, एक बंगळूरला, आणि तिसऱ्यावर पत्ता होता वसईचा.

आमचे पापनिवेदन

तो पत्ता वाचून आम्ही खाली मान घातली. आता त्याचे कारण सांगणे भाग आहे.

गोव्याचे आणि मंगळूरचे लोक नोकरीसाठी मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून येऊ लागले. ते शिकलेले होते, कष्टाळू होते, आणि आडनावे आपल्यासारखीच पोर्तुगीज. मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती लोकांना वाटले की आपली ओळख आणि आपल्या नोकऱ्या दोन्ही जातील. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. आम्ही कंपनी सरकारची जुनी प्रजा, आम्ही ते बाहेरून आलेले नव्हे, हे सांगण्यासाठी. त्यात त्यांचा दोष काढावयाचा नाही. घरचा माणूसही कधी कधी भीतीने पाटी लावतो. पण नावाच्या कुंपणाला दोन बाजू असतात, हे खरे.

पुढे मुंबईत जागा परवडेना, तेव्हा त्यांच्या मुलानातवंडांनी आपल्या वसई-विरारकडे धाव घेतली. वाड्या विकल्या गेल्या, इमारती उठल्या, आणि आपल्या मिस्सेत अनोळखी चेहरे दिसू लागले. १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत झाला तेव्हा हे नवे भाविक त्याचेही भाविक होते. आम्ही त्या काळात एका धर्मग्रामात नवे होतो. अशीच पंधरा-वीस मंगळूरी कुटुंबे आमच्याकडे आली. त्यांची विनंती एवढीच, की ८ सप्टेंबरला मुलांना फुले आणू द्यावीत आणि कणसांना आशीर्वाद द्यावा. आमच्या काही जुन्या धर्मग्रामस्थांनी नाके मुरडली. ‘आज फुले मागतात, उद्या मिस्सा मागतील, आमच्या मराठीचे काय?’ असा त्यांचा सवाल होता. आम्ही मराठीचे अभिमानी; आम्हांस तो सवाल पटला. आम्ही त्या कुटुंबांना सांगितले, ‘येथे राहावयाचे तर येथल्या रीतीने राहा.’ हे वाक्य शिस्तीचे आहे असे आम्हांस त्या वेळी वाटले होते.

त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलेही नाही. त्यांतील एक आजी तेवढी म्हणाली, ‘बरे फादर.’ तीनशे वर्षे हे दोन शब्द या समाजाने किती दारांत उच्चारले असतील, याची आम्हांस तेव्हा कल्पना नव्हती.

मंगळूरला सात महिने आम्ही मराठी मिस्सेसाठी भुकेलेलो होतो. एका रात्री खोलीचे दार लावून आम्ही एकट्याने मराठीत रोझरी म्हटली, मोठ्याने, केवळ आपला आवाज आपल्या भाषेत ऐकावा म्हणून. तेव्हा उमगले की त्या आजीने आमच्या मराठीतून काही काढून मागितले नव्हते. तिने आपल्या जवळचे मूठभर भात आमच्या वेदीवर ठेवावयास मागितले होते.

मराठीचा आग्रह आम्ही आजही धरतो आणि धरावा असेच म्हणतो. आपल्या धर्मप्रांताची ती वाणी आहे. येणाऱ्याने ती शिकावी, आणि तीन भाषांत वाढलेल्या या लोकांना चौथी जड नाही. पण भाषा शिकवणारा आधी पाट मांडतो. ‘बाहेर उभा राहून शिक, मग आत ये’ असे म्हणणारा भाषेचे रक्षण करत नाही, केवळ दार राखतो.

पवित्र शास्त्रात परक्याशी कसे वागावे याची जी आज्ञा आहे, तिचे कारणही तेथेच दिलेले आहे: इस्राएलने मिसर देशात स्वतः परकेपण सोसले होते. देवाने उपदेश केला नाही, आठवण करून दिली. आणि मवाबी रूथ, जी सासूचा हात धरून परक्या गावी आली आणि दुसऱ्याच्या शेतात सांडलेली कणसे वेचू लागली, तिच्याच वंशात दाविद आणि आपला प्रभू येशू जन्मले. बवाजने तिला शेतातून हाकलले असते तर? इतिहासाला ‘तर’ नसतो. पण धर्मगुरूला रात्री झोप न येण्यास तो पुरेसा असतो.

मंगळूरहून परतल्यावर आम्ही त्या जुन्या धर्मग्रामात गेलो. तेथील आजच्या धर्मगुरूंनी ८ सप्टेंबरचा आशीर्वाद केव्हाच सुरू केला होता. आपल्या मराठी मुलांच्या हातांतही परड्या असतात असे त्यांनी सहज सांगितले. ती आजी आता हयात नाही. तिच्या मुलाकडे आम्ही गेलो, आणि त्या वेळी जे बोललो होतो त्याबद्दल क्षमा मागितली. त्याला तो प्रसंग आठवत नव्हता, किंवा आठवत नाही असे त्याने आमच्यासाठी म्हटले. त्याने चहा दिला. भिंतीवर, क्रुसाच्या मागे, वाळलेले कणीस खोवलेले होते.

पुढील सप्टेंबरात आपल्या शेजारच्या फ्लॅटमध्ये टपालाने असेच एखादे पाकीट आले, तर वाचकहो, ते कोठून आले हे जरूर विचारा. तो प्रश्न वाईट नाही. फक्त तो विचारताना दार उघडे ठेवा, आणि उत्तर ऐकावयास बसण्यापुरता वेळ काढा. ते उत्तर तीनशे वर्षे लांब आहे.